बाणावरचा शब्द

४ एप्रिल

एर्मेस,

काल दुकानात तू मला ओळख दिली नाहीस, ते मी समजू शकते. पण बेर्तोलीच्या म्हातारीसमोर तू फेदेरिकाला म्हणालास, "त्या बाईंना काय हवंय ते दे आणि मोकळं कर." तुझी बायको बिचारी माझ्याकडे बघेना, तुझ्याकडेही बघेना. मागितलं त्याच्या दुप्पट चीज तिने कापलं आणि तसंच कागदात गुंडाळून माझ्या हातात कोंबलं. फोन तू उचलत नाहीस. म्हणून लिहिते आहे. पत्राला मध्येच तोडता येत नाही. फार तर फाडता येतं.

शुक्रवारचं बोलू.

पालकांची संध्याकाळ होती. विज्ञानाच्या वर्गाची आख्खी मागची भिंत पोरांच्या चौकटी-बाणांच्या नकाशाने भरली होती. तू हातात सलामीच्या कापांची बशी घेऊन त्याच्यासमोर उभा होतास आणि मत्तियाच्या बापाला म्हणत होतास, "आमच्या वेळी भिंतीवर येशू असायचा, आता कोळ्याचं जाळं आहे." लोक हसले. मीही हसले. तेवढ्यात तुझी दिलेत्ता गर्दीतून आली, फळ्याखालचा लाल मार्कर तिने उचलला आणि 'डेअरी' या चौकटीकडून 'पांढरं पाणी' या चौकटीकडे जाणाऱ्या रिकाम्या बाणावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: सोडते.

मत्तियाच्या बापाने ते मोठ्याने वाचलं. "डेअरी पांढरं पाणी सोडते." मग त्याला कळलं आपण काय वाचलं. तू बशी खिडकीत ठेवलीस, पोरीचा दंड धरलास आणि निघून गेलास.

फेदेरिकाकडून तू विचारलं आहेस, "हे नाटक नेरीनाने बसवलं होतं का? माझ्या पोरीला गावासमोर उभं करून तिच्या हातून मला मारायचं, हे तिचं डोकं होतं का?"

हो. माझंच. जे झालं ते माझ्यामुळे झालं. तिला काही बोलू नकोस. ती तेरा वर्षांची आहे आणि मी तिची आत्या आहे, शिक्षिका आहे. राग काढायचा तर तो माझ्यावर काढ, मी पुलापलीकडेच राहते.

पण एक गोष्ट मी मान्य करणार नाही. मी तुझ्यावर डोळा ठेवून हा विषय निवडला, असं तू गावभर सांगतो आहेस म्हणे. विषय मी निवडलाच नाही. फेब्रुवारीत मत्तिया दह्याच्या बरणीत बोटभर लांबीचे मेलेले मासे घेऊन आला, शाळेमागच्या पाटातले. बरणी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "बाई, हे का मेले?" वास असा, की पुढच्या बाकावरच्या पोरींनी मफलर नाकाला लावले. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, मी सांगणार नाही, तुम्ही शोधा. गेली कित्येक वर्षं मी अशीच शिकवते, हे तुला ठाऊक आहे. आधी प्रश्न, धडा नंतर. धड्याची गरज पडली की पोरं आपणहून पुस्तक उघडतात.

आणि त्या 'कोळ्याच्या जाळ्या'चं म्हणशील तर ते असं. एवढा मोठा प्रश्न समोर टाकला की पोरं हरवतात. एक म्हणतो औषधं, दुसरा म्हणतो दुष्काळ, तिसरा म्हणतो अमेरिका. म्हणून जे जे सुचेल ते चौकटीत लिहायचं आणि चौकटी बाणांनी जोडायच्या. नुसता बाण काढायचा नाही. त्याच्यावर क्रियापद लिहायचं. 'जिवाणू' आणि 'ऑक्सिजन' यांच्यामध्ये नुसती रेघ मारणं कोणालाही जमतं. 'जिवाणू ऑक्सिजन संपवतात' असं लिहायचं तर ते खरं आहे का ते बघावं लागतं. पहिल्या आठवड्यात त्यांचे सगळे बाण मक्यावर मारायच्या औषधांकडे जात होते. मग कळलं की फेब्रुवारीत मक्यावर कोणी काही मारत नाही. तो कागद काढला, दुसरा लावला. असं करत करत ती भिंत भरली.

तुझी डेअरी त्या नकाशात पहिल्यापासून होती. पण दुसऱ्या टोकाला, चांगल्या जागी. 'गावचं दूध', 'कुरण', 'चीज' यांच्या शेजारी. दिलेत्ताने स्वतः ती चौकट काढली होती आणि शेजारी गाय काढली होती. गाय कुत्र्यासारखी दिसत होती, त्यावरून वर्ग दिवसभर हसला.

तिला मारू नकोस. तू मारत नाहीस, माहीत आहे. तरी लिहिते.

नेरीना


१८ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

एर्मेस,

आज सगळं गाव टोपल्या घेऊन नदीवर गेलं. मी नाही गेले. दरवर्षी आपण तोर्रेच्या काठाला दगडांवर चूल मांडतो, तू चीज-बटाट्याचा फ्रिको उलटताना कढईतून बाहेर पाडतोस आणि म्हणतोस की हे मुद्दाम, हे नदीसाठी. यंदा नदीच नाही, नुसते पांढरे गोटे. तुम्हीही गेला नसाल असा माझा अंदाज.

शनिवारी तुमच्या पायरीवर घरी भाजलेली गोड गुबाना ठेवून गेले होते. काल सकाळी ती माझ्या पायरीवर होती, सुतळीची गाठसुद्धा माझीच. तू परत आणून ठेवलीस की फेदेरिकाने, ते विचारत नाही.

प्रदूषण खात्याची माणसं येऊन गेली ते मला बाकीच्या गावाबरोबरच कळलं. डेअरीला सील लागलं तेव्हा मी वर्गात होते. खिडकीतून तुझ्या डेअरीची चिमणी दिसते. गेल्या आठवड्यापासून धूर नाही. पोरं बघतात आणि बघितलं नाही असं दाखवतात. पोरांना ते नीट जमत नाही.

दिलेत्ताचं सांगते, कारण घरी ती काय सांगते मला माहीत नाही. ती मागच्या बाकावर जाऊन बसली आहे. विचारलं तर उत्तर देते, बरोबर देते. पण मला 'तुम्ही' म्हणते. वर्गात 'बाई' म्हणायची हे तर आमचं पहिल्यापासून ठरलेलं होतं. बाहेर आली की गेटपाशीच 'आत्या, भूक लागली' सुरू व्हायचं. परवा बेकरीसमोर समोरासमोर आलो तर म्हणाली, "नमस्कार, बाई." हातात ब्रेड, डोळे ब्रेडवर.

तुला वाटत असेल ती तुझ्या बाजूने माझ्यावर रागावली आहे. तसंच समज. तुझ्या बाजूला कोणीतरी आहे असं वाटणं तुला आत्ता हवं आहे.

मधल्या सुट्टीत एक प्रकार झाला. मत्तिया कुणाला तरी म्हणाला, "तिच्याकडचं दूध पिऊ नका, मासे मरतात." ती उठली, त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मासे दुधाने मरत नाहीत. त्या पांढऱ्या पाण्यावर वाढलेल्या जिवाणूंनी ऑक्सिजन संपवला म्हणून मरतात. दोन महिने कागद रंगवलास, एवढंही कळलं नाही?" मत्तियाने मान खाली घातली. तो वाईट मुलगा नाही, त्याचा बाप तुझंच गिऱ्हाईक होता.

मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, नकाशा उतरवा. मी विचारलं का. त्या म्हणाल्या, "नेरीना, शाळा म्हणजे पोलीस चौकी नाही." मी म्हटलं, त्यात तपास नाही, शिकणं आहे. त्या म्हणाल्या, "तुमचा भाऊ दोन्ही शब्दांचा अर्थ एकच लावेल." मी उतरवला. गुंडाळी करून कपाटावर ठेवला. पोरांना विचारून ठेवला, तरी भिंतीवर आता चिकटपट्टीचे नुसते ठिपके उरले आहेत, आणि धडा घेताना माझी नजर तिकडेच जाते.

डुकरंवाला तोनुट भेटला होता. गुडघ्यांमुळे काठी घेतली आहे. म्हणाला, "माझी डुकरं असती तर हे झालं नसतं. तुझ्या भावाच्या चीजमागे उरणारी निवळी एवढी वर्षं माझीच डुकरं प्यायची. मी डुकरं विकली त्या दिवशी त्याला म्हटलं होतं, आता काय करशील? तो म्हणाला, बघू." मग काठी आपटून म्हणाला, "बघू म्हणून बसला, आणि बघितलं दुसऱ्यांनीच."

ते मला माहीत नव्हतं. म्हणजे डुकरं विकल्याचं माहीत होतं, पण त्याचा तुझ्याशी संबंध मी जोडला नव्हता. निवळी न्यायला टँकरवाल्याने काय भाव सांगितला असेल ते आता कळतं. पाटाला पाणी नव्हतं, हेही. बाबांच्या काळी तीच पांढरी निवळी पाटात जात होती आणि पाट भरून वाहायचा, कोणाला पत्ताही लागायचा नाही. तू बाबांनी केलं तेच केलंस. फक्त पाणी तेवढं राहिलं नव्हतं.

हे गावाला सांगावंसं वाटतं. पण माझ्या तोंडून आत्ता कोण ऐकेल, आणि तूच तर सगळ्यात आधी ऐकणार नाहीस.

नेरीना


१५ मे

एर्मेस,

फेदेरिका आली होती. तू पाठवलं नव्हतंस, ती भाजी घ्यायला म्हणून निघाली होती आणि भाजी न घेताच परत गेली. माझ्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच बोलली, बसली नाही.

तू खुर्च्यांच्या कारखान्यात जातोस हे तिने सांगितलं. खुर्चीचे पाय घासायच्या मशीनवर. "घरी येतो तो भुशाने माखलेला," म्हणाली, "आणि हातांना दुधाचा वास येत नाही म्हणून मला झोपेत तो परका वाटतो." मग तीच लाजली.

डेअरी पुन्हा उघडायची नाही असं तू ठरवलंस. दंड भरून, टाकी बसवून उघडता आली असती, मी चौकशी केली आहे. पण ती म्हणाली, "पैशाचं नाही गं. तो म्हणतो, दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांच्या तोंडाकडे बघू कसा?"

आणि मग तिने मूळ गोष्ट काढली. दिलेत्ता शेतकी शाळेत जाणार होती, दुग्धव्यवसायाच्या वर्गाला. जानेवारीत नाव घातलं होतं. आता ती नाही म्हणते. कुठे जायचं ते सांगत नाही. शेवटच्या परीक्षेच्या तोंडीसाठी विषय द्यायचा होता, तोही अजून दिला नाही. तू तिला काही विचारत नाहीस. जेवताना तुम्ही तिघं टीव्हीकडे बघता.

"एकदा तू तिच्याशी बोल," फेदेरिका म्हणाली.

मी म्हटलं, "माझ्याशी ती बोलणार नाही."

"का? तूच लिहायला सांगितलंस ना तिला? मग तुझ्यावर कशाला रागावेल? तिने तर तुझं ऐकलं."

मी कॉफी ठेवते म्हणाले. फेदेरिका मूर्ख नाही, एर्मेस. ती माझ्याकडे बघून कॉफी न घेताच गेली.

मला इथे थांबायला हवं. काही गोष्टी माझ्या एकटीच्या असत्या तर मी त्या पहिल्याच पत्रात लिहिल्या असत्या.

नेरीना


५ जून

एर्मेस,

काल दिलेत्ताने तुला सांगितलं असं फेदेरिकाचा निरोप आला. म्हणजे आता माझ्याजवळ लपवण्यासारखं काही उरलं नाही. तिने काय सांगितलं असेल त्याचा मला अंदाज आहे, आणि ते सगळं खरंच असणार, कारण तिला खोटं येत नाही. माझी बाजू म्हणून नाही, पण माझ्या हातून काय झालं ते माझ्या शब्दांत तुला मिळायला हवं.

पाटाचं पाणी पोरांनी ठिकठिकाणी मोजलं होतं. गिरणीपाशी, शाळेमागे, तुझ्या डेअरीजवळच्या पुलाच्या वर, पुलाच्या खाली. ऑक्सिजन पुलाच्या वर ठीक आणि खाली जवळजवळ नाहीच. ज्या दिवशी ते आकडे फळ्यावर लिहिले त्या दिवशी कोणी बाण काढला नाही. पोरांनी आपणहून ती जागा मोकळी सोडली. मला वाटलं, किती समजूतदार आहेत. खरं म्हणजे पोरं दिलेत्ताची वाट बघत होती.

त्या संध्याकाळी घरी जाताना मी तुझ्या दुकानात आले होते. रिकोत्ता घेतला. तू म्हणालास, "आज मास्तरीणबाई गप्प का?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. त्या दिवशी मी काउंटरवर हात ठेवून 'एर्मेस, मागच्या खोलीत चल, बोलायचंय' एवढं म्हणायला हवं होतं. मी पैसे दिले आणि निघाले. तू मोठा आहेस, तुला कळेल, असं स्वतःला सांगितलं. खरं तर मी घाबरले. तू रागावलास की कसा होतोस ते मला लहानपणापासून माहीत आहे.

मग तो गुरुवार. पालकांच्या संध्याकाळच्या आदल्या दिवशी सगळे गेले आणि ती थांबली. पेन्सिल हातात. आमच्याकडे आधी पेन्सिलीने लिहितात, वर्गाला पटलं की मग शाईने. ती म्हणाली, "बाई, ही चौकट आणि ती चौकट जोडायची राहिलीय."

मी म्हटलं, "राहू दे. सगळंच जोडायला हवं असं नाही."

"पण आकडे आहेत ना. पुलाच्या वर ठीक, खाली नाही. मध्ये आम्हीच आहोत."

"दिलेत्ता, तो तुझा बाबा आहे."

"माहीत आहे, आत्या. म्हणून तर मी लिहितेय. मत्तिया लिहिणार होता. मी त्याला म्हटलं, तू हात लावायचा नाहीस." आणि मग म्हणाली, "मी रविवारी बाबाला सांगणार आहे. तळ्यावर मासे धरायला नेतो ना तो, तेव्हा. आधी कागदावर नीट दिसतंय का बघते. म्हणजे सांगताना रडू येणार नाही."

तिने बाण काढला. बारीक, फिकट. त्याच्यावर बारीक अक्षरांत लिहिलं: सोडते. मग दप्तर उचलून गेली.

ती गेल्यावर मी तो शब्द पुसला.

एर्मेस, त्या भिंतीवर एवढ्या चौकटी आणि एवढे बाण होते, की फिकट पेन्सिलीतला तो एक शब्द शुक्रवारी कोणाच्या बापाला दिसला नसता. तूही तिथे उभा राहून कोळ्याच्या जाळ्याचा विनोदच करत राहिला असतास. आणि रविवारी ती तुझ्याशेजारी दगडावर बसून बोलली असती. तू चिडला असतास, गळ फेकला असतास, सोमवारी कुणाला तरी फोन करून टाकी मागवली असतीस. तुला मी ओळखते. तू असंच केलं असतंस.

शुक्रवारी कार्यक्रमाआधी ती वर्गात आली. बाण दिसला, शब्द नाही. तिने विचारलं, "इथलं कोणी पुसलं?" आणि मी, जी रोज त्यांना सांगते की बाण रिकामा सोडायचा नाही, ती मी म्हणाले, "घासलं गेलं असेल."

मत्तिया दारात होता. तो म्हणाला, "बाईंनीच पुसलं. काल डबा विसरलो होतो म्हणून परत आलो होतो, तेव्हा बघितलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले तर ती मागे सरकली. तेवढ्यात लोक यायला लागले, मला वाइनच्या बाटल्या उघडायच्या होत्या, मी तिकडे वळले. मग पुढचं तुझ्या डोळ्यांसमोर झालं. तो लाल शब्द तुझ्यासाठी नव्हता. माझ्यासाठी होता. तू मध्ये उभा होतास.

पहिल्या पत्रात मी 'हो, माझंच' असं लिहिलं ते म्हणून. खोटंही नव्हतं आणि तू समजलास तसंही नव्हतं. मला वाटलं, तू माझ्यावर रागावलास की तिच्यावरचा राग कमी होईल. पण त्यामुळे घरात ती आणखीच अडकली. तू तिला 'आत्याच्या नादी लागलेली पोर' म्हणत राहिलास आणि खरं काय ते सांगायचं तर तिला आत्याला उघडं पाडावं लागत होतं. दोन महिने तिने माझी लाज राखली. मी तिची शिक्षिका.

याची मी माफी मागत नाही. ती तुझ्याकडे मागायची नाहीच मुळी.

नेरीना


२३ जून

एर्मेस,

मंगळवारी शाळेच्या पटांगणात सिगारेट विझवताना तू म्हणालास, "तुझी पत्रं फार लांब असतात." म्हणजे तू ती वाचतोस. मग म्हणालास, "आता लिहू नकोस, ये." मी येणार आहे. तरी हे एक लिहिते, कारण समोर आलास की मला हे बोलता येणार नाही.

नात्यातली म्हणून त्या दिवशी परीक्षकांच्या टेबलावर मला जागा नव्हती. मी मागे प्रेक्षकांच्या खुर्च्यांत बसले. तू आलास, बघितलंस, आणि एक खुर्ची मध्ये सोडून बसलास. नवा शर्ट होता, बाहीच्या शिवणीत भुसा होता. मी मान समोर ठेवली.

तिने कोणता विषय घेतला ते मलाही त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. तिने कागद उलगडला आणि वर लिहिलेला प्रश्न वाचून दाखवला: "आमच्या डेअरीची निवळी पाटात का गेली?" मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला. मला वाटलं तू उठून जाशील. तू गुडघे घट्ट धरून बसला होतास.

आमचा भिंतीवरचा नकाशा जिथे संपला होता तिथून तिचा सुरू होत होता. आम्ही डेअरीपाशी थांबलो होतो. गावही तिथेच थांबलं, खातंही. ती मागे मागे गेली होती. तोनुटचे गुडघे. त्याचे मुलगे जर्मनीत. डुकरं विकली. निवळी न्यायला टँकरवाला, एका लहान डेअरीसाठी त्याला इतक्या लांब यायला परवडत नाही. हिवाळ्यात डोंगरावर बर्फ नाही, म्हणून नदीला पाणी नाही, म्हणून पाटाला नाही. आजोबांच्या काळी तीच निवळी पाट पचवत होता. एकेक बाण ती बोटाने दाखवत होती आणि वाक्य म्हणत होती, आवाज कुठे चढला नाही, कुठे पडला नाही. गणिताच्या शिक्षकांनी विचारलं, "म्हणजे तुझ्या मते चूक कोणाची नव्हती?"

ती म्हणाली, "चूक बाबाचीच आहे. नळी त्याने सोडली. पण इथे बघितलं तर ती परत होऊ नये म्हणून काय काय करावं लागेल ते कळतं. नुसतं बाबाला धरलं तर ते कळत नाही."

तेव्हा तू माझ्याकडे झुकलास. ते तुझे माझ्याशी इतक्या दिवसांतले पहिले शब्द, आणि ते असे: "दूध घालणाऱ्यांचं तिने घेतलं नाही."

मी म्हटलं, "विचार मग."

"विचारता येतं?"

"नाही."

आणि तू हात वर केलास. शाळेत तू कधी हात वर केल्याचं मला आठवत नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "अहो, इथे पालकांना..." पण तू बोलून गेलास, "आणि दूध घालणारे? त्यांचं काय?"

ती तुझ्याकडे वळली. तेवढ्यापुरती ती परीक्षा उरली नाही. म्हणाली, "माहीत आहे, बाबा. त्यांची चौकट मी काढली होती. त्यांचं दूध आता कुठे जातं ते विचारायला दोनदा सायकल काढली. दारापर्यंत गेले. लाज वाटली, परत आले. मला माहीत नाही ते मी लिहिलं नाही."

तू हात खाली घेतलास आणि कितीतरी वेळ रुमाल शोधत राहिलास. तो तुझ्या हातातच होता.

तिला पैकीच्या पैकी मिळाले. ते तुम्हाला घरी कळलंच आहे. शेतकी शाळेतलं नाव तिने काढून घेतलं नाही, हेही मला ऑफिसातून कळलं. तिने सांगितलं नाही. मला ती काहीच सांगत नाही.

निकाल लागल्यावर व्हरांड्यात मी तिच्यापाशी गेले. म्हटलं, "दिलेत्ता, तो शब्द मी पुसला. आणि घासला गेला असेल म्हणाले ते खोटं होतं." तिने मान हलवली. म्हणाली, "हो, बाई." रागाने नाही, एर्मेस. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. फळ्यावरचं गणित सुटल्यावर म्हणतात तसं म्हणाली. मग मैत्रिणीने हाक मारली आणि ती गेली.

तुझं माझं जुळेल. आपण दोघं भांडून भांडून म्हातारे झालो आहोत, आपल्याला सवय आहे. तिने मात्र एका माणसाचं बोलणं पूर्ण खरं धरलं होतं, आणि तो माणूस मी होते. परत तसं कोणाचं ती धरेल की नाही कोण जाणे. धरलंच तर माझं धरणार नाही.

शनिवारी ऑस्ट्रियाचा माणूस तांब्याची मोठी कढई न्यायला येणार, म्हणालास. ती दारातून निघायची नाही, चौकट काढावी लागेल. बाबांनी आत आणली तेव्हाही काढली होती. मी लवकर येते. जुने हातमोजे आणते. उचलायला माझा फारसा उपयोग नाही, पण आतून घासून देईन, कारण ती मळलेली दुसऱ्याच्या घरी जावी असं मला वाटत नाही. फेदेरिकाला सांग, जेवणाचं काही करू नकोस, मी पोलेंटा आणेन.

आणि एक कर. मी येणार आहे हे दिलेत्ताला आदल्या दिवशीच सांग. मला बघून अचानक मान हलवायची वेळ तिच्यावर आणू नकोस. घरी थांबायचं की सायकल काढून बाहेर जायचं, ते तिचं तिला ठरवू दे. बाहेर गेली तर तिला हाक मारू नकोस.

नेरीना